दुसऱ्याने काढलेली रेघ

सार्वजनिक कामात हात घातलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. पगार घेऊन काम करणाऱ्याची चूक दाखवणे तुलनेने सोपे असते. हौसेने, पदरमोड करून आणि झोप मोडून काम करणाऱ्याची चूक दाखवणे महाकठीण. नाताळच्या गोठ्याची सजावट असो, गायनवृंदाची तालीम असो किंवा वाचनालयातील पुस्तकांची मांडणी असो, अशा ठिकाणी भांडणे पैशावरून क्वचितच होतात. ‘मी केलेले काम याने मला न विचारता बदलले’ एवढ्या एका कारणावरून मात्र ती हमखास होतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. बदल योग्य होता की अयोग्य, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. तो योग्य होता असे सिद्ध झालेच, तर राग उलट वाढतो.

या रागात काही नैतिक तथ्य आहे काय, की तो केवळ अहंकाराचा हुंकार आहे, हा प्रश्न जुनाच. परंतु गेल्या वीस-बावीस वर्षांत त्याला एक नवे आणि विस्तीर्ण क्षेत्र लाभले आहे. ते क्षेत्र म्हणजे जगाचा एक नकाशा.

२००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्या देशात ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ या सरकारी संस्थेचे अत्यंत काटेकोर नकाशे होते. पण ते वापरायचे तर मोल मोजावे लागे आणि अटी पाळाव्या लागत. मग आपणच आपला नकाशा का काढू नये? उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणारे छोटे यंत्र खिशात घालून माणसे सायकलवरून गल्लोगल्ली हिंडली आणि घरी येऊन, आपण गेलो त्या वाटेची रेघ संगणकावर ओढू लागली. २००६ मध्ये या कामाला आधार देणारे एक प्रतिष्ठान स्थापन झाले. आज नोंदणी केलेल्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. अर्थात त्यांतले बहुसंख्य एकदा डोकावून निघून गेलेले. नकाशा कोणीही वापरावा, कोणीही सुधारावा. त्याला मुख्य संपादक नाही. मी आज सकाळी काढलेली वाट तुम्ही आज दुपारी सरळ करू शकता, तिचे नाव बदलू शकता, पुसूनही टाकू शकता. त्यासाठी माझ्या परवानगीची गरज नाही.

काम कसे चालते हे थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढील वादांचे मूळ त्यातच आहे. नकाशातील प्रत्येक गोष्ट बिंदू, रेघ किंवा त्यांचा समूह या रूपात असते. तिला शब्दांच्या चिठ्ठ्या लावल्या जातात: हा रस्ता आहे, हे त्याचे नाव, येथे वाहन नेता येते की नाही. कोणत्या चिठ्ठ्या लावाव्यात याचे रूढ संकेत आहेत, पण बंधन नाही. नवी चिठ्ठी कोणीही शोधून काढू शकतो. एका बैठकीत केलेले बदल एकत्र जतन होतात आणि त्यांच्यासोबत काय केले व का केले याचा एक छोटा शेरा लिहावा अशी अपेक्षा असते. प्रत्येक रेघेचा सारा इतिहास जपलेला असतो. तिची पहिली आवृत्ती कोणी काढली, सातवी कोणी बिघडवली, आठवी कोणी सावरली, हे सारे ज्याच्या-त्याच्या टोपणनावासकट दिसते. २०१४ च्या अखेरीपासून तर प्रत्येक बदलाखाली इतरांना प्रश्न विचारता येतो. म्हणजे सुधारणा आणि सुधारणा करणारा, दोन्ही चव्हाट्यावर.

आता मूळ प्रश्न. मी काढलेली रेघ माझी आहे काय? कायद्याच्या दृष्टीने उत्तर जवळजवळ नाही असेच आहे. नोंदणी करतानाच मी माझे काम सर्वांच्या वापरासाठी मोकळे केलेले असते. पण मालकी सोडली म्हणून नाते सुटत नाही. ज्याने उन्हात तीन तास चालून एका टेकडीवरची पायवाट नोंदवली, त्याच्या दृष्टीने ती रेघ त्या तीन तासांची खूण असते. ती दुसऱ्या दिवशी नाहीशी झालेली दिसली आणि शेऱ्याच्या जागी ‘दुरुस्ती’ एवढा एकच शब्द असला, तर त्याला काय वाटेल? आपल्याला चूक दाखवली गेली असे नव्हे; आपण मोजलेच गेलो नाही, असे वाटेल. माझ्या मते रागाचा न्याय्य भाग तो हाच. स्वयंसेवकाला मोबदला मिळत नाही. त्याला मिळते ती एवढीच गोष्ट, की त्याच्या कामाकडे कोणीतरी काम म्हणून पाहिले. तेही काढून घेतले तर त्याच्याजवळ काहीच उरत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. नकाशा हा हौशी चित्रकारांच्या प्रदर्शनाचा फलक नव्हे. त्याच्या भरवशावर कोणी रुग्णवाहिका नेईल, कोणी अंधारात डोंगर उतरेल. चुकीची रेघ काढणाऱ्याचे मन राखण्यासाठी ती तशीच ठेवणे म्हणजे अनोळखी वाटसरूच्या जिवावर उदार होणे. म्हणून ‘विचारल्याशिवाय हात लावू नये’ हा नियम येथे चालत नाही, आणि ‘बरोबर असेल तर विचारायचे कशाला’ हाही चालत नाही.

या दोहोंच्या मध्ये त्या मंडळींनी काही शिष्टाचार रुजवला आहे. तो लेखी आहे आणि बराचसा अलिखितही. समोरचा माणूस चांगल्या हेतूने काम करीत आहे असे आधी धरून चालावे. बदल मोठा असेल तर मूळ काम करणाऱ्याला प्रथम विचारावे. विचारताना ‘तुम्ही चुकलात’ असे न म्हणता ‘तुम्ही हे प्रत्यक्ष पाहिले आहे काय’ असे विचारावे. उत्तर मिळाले नाही, किंवा मिळून पटले नाही, तर त्या भागातील इतर काम करणाऱ्यांपुढे विषय ठेवावा. तेथेही तड लागली नाही, तरच प्रतिष्ठानाने नेमलेल्या एका स्वयंसेवी कार्यगटाकडे जावे. मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय परिचित असलेल्या वाचकाला हा क्रम ओळखीचा वाटेल: आधी एकांतात, मग एक-दोघांना सोबत घेऊन, मग मंडळीपुढे. संगणकावर नकाशे काढणाऱ्यांनी तो तेथून घेतला असे मुळीच नाही. बरोबरीच्या माणसांना एकत्र काम करायचे असले आणि वर कोणी धनी नसला, की अनुभवाने हाच क्रम सापडत असावा.

त्या कार्यगटाच्या हाती एक विलक्षण शस्त्र आहे. कोणी वारंवार विचारूनही उत्तरच देत नसेल, तर त्याच्यावर शून्य तासांची बंदी घालता येते. तिची मुदत शून्य. पण आपल्याला आलेला संदेश उघडून वाचल्याशिवाय त्याला पुढची रेघ ओढता येत नाही. शिक्षा एवढीच, की वाच. दंडशास्त्राच्या इतिहासात याहून सौम्य आणि याहून नेमकी शिक्षा असेल असे वाटत नाही. आपल्याकडील अनेक समित्यांना ती उपयोगी पडेल, पण तो विषय वेगळा.

सद्हेतू गृहीत धरण्याला मर्यादा आहेतच. ऑगस्ट २०१८ मध्ये कोणीतरी न्यूयॉर्क शहराचे नाव पुसून तेथे ज्यूंचा अपमान करणारा शब्द लिहिला. मूळ नकाशात तो थोड्याच वेळात दुरुस्तही झाला; परंतु तेथून माहिती उचलणाऱ्या एका कंपनीकडे दूषित प्रत राहिली आणि महिनाअखेरीस ती अनेक लोकप्रिय सेवांच्या पडद्यांवर झळकली. अशा वेळी कोणी ‘तुम्ही हे प्रत्यक्ष पाहिले आहे काय’ असे विचारीत बसत नाही. पण असले उघड दुष्कृत्य नीतिविचाराला फारसे खाद्य पुरवत नाही. त्याहून बोधप्रद आहेत ती लबाड मुले, ज्यांनी ‘पोकेमॉन गो’ या खेळाचा नकाशा डिसेंबर २०१७ पासून येथूनच घेतला जातो हे हेरून, आपल्या घरामागे नसलेली उद्याने निर्माण केली. कारण खेळातले प्राणी उद्यानांत अधिक सापडतात अशी त्यांची समजूत होती. आणि त्याहूनही बोधप्रद आहेत ते वाद, ज्यांत दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात.

असा एक वाद पुन:पुन्हा घडतो. दूरवरच्या शहरात बसलेला कोणी उपग्रहाने टिपलेले नवे छायाचित्र उघडतो आणि पाहतो, तर गावातले सगळे रस्ते घरांच्या छपरांवरून गेलेले. तो कळकळीने, दोन रात्री जागून, एकेक रस्ता सरकवतो. प्रत्यक्षात रस्ते बरोबर होते. छायाचित्रच काही मीटर सरकून बसवलेले होते. असे सरकणे नेहमीचे आहे, डोंगराळ भागात तर विशेष. गावात राहणाऱ्या ज्याने यंत्र घेऊन त्याच रस्त्यांवरून दहादा फिरून रेघा जुळवल्या होत्या, त्याची सारी मेहनत एका सद्भावनेखाली गाडली गेली. दोघेही शपथेवर सांगतील, आम्ही डोळ्यांनी पाहिले. दोघांनीही पाहिलेच होते. प्रामाणिकपणा हा सद्गुण खरा, पण तो पुरावा नव्हे, आणि पुष्कळ सज्जन माणसे या दोहोंत गल्लत करतात. येथे दोष पाहण्यात नाही. आपण जे पाहिले ते कोठून पाहिले, याचा विचार न करण्यात आहे.

तरीही दुरून काम करणाऱ्यांची टवाळी करू नये. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा उपयोगी पडेल असा खुला नकाशा नव्हता. जगभरच्या लोकांनी छायाचित्रे पाहून काही दिवसांत तो उभा केला, आणि मदतपथकांनी तो वापरला. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळात तेच झाले. तेथे ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ या स्थानिक संस्थेने आधीच पाया घातलेला होता, म्हणून दुरून आलेल्या हजारो हातांना दिशा मिळाली. अशा कामासाठी एक पद्धत बसवलेली आहे. प्रदेशाचे चौकोन पाडतात. मी एक चौकोन उचलला की तो माझ्यापुरता कुलुपबंद होतो, म्हणजे दोघे एकमेकांच्या रेघांवर रेघा ओढीत नाहीत. काम झाल्यावर दुसरा अनुभवी माणूस ते तपासतो. तपासणाऱ्याने नवख्याला चार शब्द लिहावेत, असा संकेत आहे. नुसते ‘नापसंत’ असे बटण दाबणे त्याला शक्य असते, आणि घाईच्या वेळी तसे होतेही. परिणाम असा, की दया येऊन काम करायला आलेला माणूस एका संध्याकाळीच परत जातो, आणि त्याला कोणी घालवले हे घालवणाऱ्यालाही कळत नाही.

शब्दांवरून होणारे वाद बाहेरच्याला हास्यास्पद वाटतील. पायी जाण्याच्या वाटेसाठी आधी एक चिठ्ठी होती. २००८ च्या सुमारास दुसरी, अधिक व्यापक चिठ्ठी आली. आणि कोणती केव्हा लावावी यावर आजतागायत एकमत नाही. रस्त्यांची वर्गवारी ब्रिटनमधून आलेली असल्यामुळे ‘अवर्गीकृत’ नावाचा एक वर्ग आहे, आणि तो अवर्गीकृत नसतो. ती तिकडची एक पायरी आहे. आपल्याकडील आळी, पाखाडी, वाडी, पाडा यांना त्या शब्दकोशात नेमकी जागा नाही. रस्त्याकडेच्या क्रुसासाठी चिठ्ठी आहे, पण ती ‘ऐतिहासिक’ या सदरात मोडते, मग तो क्रूस गेल्या वर्षी बांधलेला का असेना.

यांतला एक वाद मात्र आपल्या वाचकांच्या ओळखीच्या वस्तूविषयी आहे. चर्चच्या इमारतीला पंथ सांगणारी चिठ्ठी लावताना काहींनी ‘कॅथोलिक’ लिहिले, काहींनी ‘रोमन कॅथोलिक’. दोन्ही जगभर मोठ्या संख्येने आढळतात. समजा, नीटनेटकेपणाची आवड असलेल्या कोणा एकाने ठरवले की एका गोष्टीला एकच शब्द हवा, आणि यंत्राच्या साहाय्याने एका झटक्यात सगळीकडे ‘रोमन कॅथोलिक’ करून टाकले. कल्याण येथे १९८८ मध्ये सिरो-मलबार धर्मप्रांताची स्थापना झाली. त्यांची चर्चे कॅथोलिक आहेत, परंतु लॅटिन विधीची नाहीत. ज्याने विचारपूर्वक नुसते ‘कॅथोलिक’ लिहिले होते त्याचा विचार त्या झटक्यात पुसला जाईल. उलट दिशेने केले तरी माहिती हरवेलच. असे सरसकट बदल करण्यापूर्वी त्यांची जाहीर चर्चा झालीच पाहिजे असा नियम या मंडळींनी केलेला आहे, आणि तो मोडणाऱ्याचे सगळे बदल, त्यातले काही बरोबर असले तरी, परत फिरवले जाऊ शकतात. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. तो सांगतो की एका माणसाला एका चुकीबद्दल विचारण्याचे जे कर्तव्य आहे, ते हजार माणसांच्या बाबतीत हजारपट होते. एका वेळी फार जणांना दुरुस्त करता येते, या सोयीमुळे ते कमी होत नाही.

आता नावांकडे वळू. सर्वांत जिव्हारी लागणारे वाद नावांचे आणि सीमांचे. येथे या नकाशाचे धोरण असे, की जमिनीवर जे आहे ते दाखवावे: तेथील लोक जे नाव वापरतात, पाट्यांवर जे लिहिलेले असते, ज्याची प्रत्यक्ष सत्ता चालते. कोणाचा हक्क मोठा याचा निवाडा नकाशाने करू नये. ब्रसेल्स शहरात रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच आणि डच दोन्ही भाषांत असतात, म्हणून नकाशातही दोन्ही नावे मध्ये रेघ देऊन लिहिली जातात. मोरोक्कोचे नाव तीन लिप्यांत एकापुढे एक येते. शिवाय प्रत्येक ठिकाणाला नावांचे वेगवेगळे खण असतात: प्रमुख नाव, प्रत्येक भाषेतले नाव, जुने नाव, पर्यायी नाव, बोलीतले नाव. वसईसाठी मराठी नाव एका खणात, पोर्तुगीजांचे बसाईं आणि इंग्रजांचे बेसिन जुन्या नावांच्या खणात. रेल्वेचे स्थानक एके काळी बेसिन रोड होते, आज वसई रोड आहे; दोन्ही गोष्टी एकाच वेळी नोंदवता येतात. मुंबईचे नाव १९९५ मध्ये शासनाने बदलले, पण उच्च न्यायालयाच्या आणि महाधर्मप्रांताच्या इंग्रजी नावात बॉम्बे हा शब्द अजून आहे. नकाशा या विसंगतीने गोंधळत नाही. गोंधळतो तो एकच नाव खरे असले पाहिजे असे मानणारा माणूस.

खणांची ही व्यवस्था उदार आहे, परंतु तिने भांडण मिटते असे समजणे भोळेपणाचे. जुन्या नावाचा खण कोणी उघडून पाहत नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरांत जे उमटते ते प्रमुख नाव, आणि तो खण एकच आहे. गोव्यात १९८७ च्या कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा झाली. रोमी लिपीत कोकणी लिहिणारे, ज्यांत आपले बांधव पुष्कळ आहेत, तेव्हापासून आपल्या लिपीसाठी भांडत आहेत. लिपीनिहाय दोन खण करता येतात हे त्यांना सांगितले तर ते विचारतील, पाटीवर कोणते येणार? प्रश्न रास्त आहे. जागा एकच असते तेव्हा तंत्र संपते आणि न्यायाचा प्रश्न सुरू होतो.

क्रिमियाच्या प्रकरणात हे फार स्पष्ट झाले. मार्च २०१४ मध्ये रशियाने तो प्रदेश युक्रेनपासून तोडून आपल्यात सामील केला. नकाशात दोन्ही बाजूंनी सीमा खोडण्याचा आणि पुन्हा ओढण्याचा सपाटा सुरू झाला. जून २०१४ मध्ये कार्यगटाने तोडगा काढला: क्रिमिया दोन्ही देशांच्या सीमांत दाखवावा आणि त्याला कोणी हात लावू नये. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच कार्यगटाने जमिनीवरच्या वस्तुस्थितीचा आधार घेऊन तो केवळ रशियात दाखवण्याचे ठरवले. युक्रेनमधील नकाशाकारांत संतापाची लाट उसळली, आणि डिसेंबरमध्ये प्रतिष्ठानाच्या संचालक मंडळाने तो निर्णय रद्द करून २०१४ चीच स्थिती पुन्हा आणली. तर्काच्या कसोटीवर कार्यगट आपल्या नियमाशी अधिक सुसंगत होता हे मान्य करावे लागेल. जमिनीवर पोलीस कोणाचे, नाणे कोणाचे, याला उत्तर एकच होते. तरीही मला संचालक मंडळाचा निर्णय अधिक बरा वाटतो.

कारण ‘जमिनीवर जे आहे ते’ हा नियम नम्रतेचा आहे, न्यायाचा नाही. दूर बसलेल्याने स्थानिकाला त्याच्या गल्लीचे नाव शिकवू नये, एवढ्यासाठी तो जन्मला, आणि गल्ल्यांच्या बाबतीत तो उत्तम चालतो. सीमेच्या बाबतीत तोच नियम बंदुकीच्या बाजूने बोलू लागतो, कारण जमिनीवर काय असावे हे तेथे बंदूकच ठरवते. ज्या माणसाला आपले घर सोडून पळावे लागले तो आता जमिनीवर नाही; या नियमाने त्याची साक्ष बाद होते. मग नियम मोडावा काय? मोडला तर उद्या प्रत्येक गाव आपल्या दु:खाचा दाखला घेऊन येईल, आणि दु:खाचे मोजमाप करण्याचे यंत्र कोणाच्याही खिशात नाही. दोन्ही सीमा दाखवणे हे उत्तर नव्हे, हे मलाही कळते. ती एक कबुली आहे, की येथे आम्हाला ठरवता येत नाही. आणि न ठरवण्याचा अवमान दोघांनी सारखा वाटून घ्यावा. कधी कधी स्वयंसेवकांच्या मंडळीला याहून अधिक सत्य पेलत नाही.

यानंतर दोन गोष्टी थोडक्यात. २०१२ साली या उपक्रमाने आपला परवाना बदलला. जुन्या सहभागींपैकी ज्यांनी नव्या अटींना नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, त्यांचे काम नकाशातून काढावे लागले. ऑस्ट्रेलिया आणि पोलंड या देशांना त्याची झळ विशेष बसली. दुसऱ्याच्या पायावर आपली भिंत बांधलेल्यांना तेव्हा कळले की सामुदायिक कामातही ‘माझे’ हा शब्द पूर्णपणे मरत नाही. आणि अलीकडे मोठ्या कंपन्या पगारी माणसे नेमून हाच नकाशा सुधारतात. त्यांनी आपण कोण, कोणासाठी व काय करीत आहोत हे उघड सांगावे, असे मार्गदर्शक नियम २०१८ मध्ये झाले. अपेक्षा साधी आहे, पण तिच्यामागचे शल्य खोल आहे. हौशी माणूस रविवारी दुपारी एक गल्ली काढतो. पगारी माणूस आठ तास बसून तालुका काढतो. चुका दोघांच्याही होतात. पण चर्चा करायला पगारी माणसाजवळ कार्यालयीन वेळ असतो, हौशी माणसाजवळ उरलेली झोप.

शिष्टाचार केवळ परस्परांशी कसे वागावे एवढ्यापुरता नाही. काय काढू नये, हाही त्याचाच भाग. कोणत्या घरात कोण राहतो हे शेजाऱ्याला ठाऊक असते आणि ते खरेही असते; तरी खाजगी घरावर रहिवाशाचे नाव लिहायचे नाही, असा संकेत आहे. छळ सोसून घर सोडलेल्या स्त्रियांना जेथे आसरा दिला जातो, त्या वास्तूचा पत्ता खरा असला तरी तो नोंदवणे हे क्रौर्य ठरेल. आपल्या बागायतीतून शेजारधर्मापोटी खुली ठेवलेली वाट कोणी सार्वजनिक रस्ता म्हणून काढली, तर उद्या तेथून मोटारसायकली धावू लागतील आणि मालक फाटक बसवील. वाट खरीच होती. तिचे खरेपण मालकाच्या सौजन्यावर उभे होते, आणि ते सौजन्य रेघेत दाखवता येत नाही. ‘खाजगी’ किंवा ‘परवानगीने’ अशी चिठ्ठी लावता येते, एवढेच. ती लावण्याआधी घरात जाऊन विचारावे लागते. येथे पुन्हा आपण त्याच उंबरठ्याशी येतो. नकाशाकारांचे वाद प्राय: एकमेकांना विचारण्याविषयी असतात, ज्यांची घरे आणि वाटा काढल्या जातात त्यांना विचारण्याविषयी त्यांच्यात त्या मानाने फार कमी बोलले जाते, आणि ही माझी या साऱ्या मंडळींविषयीची खरी तक्रार आहे.

आणखी एक पेच उरतो. विचारले, पण समोरून उत्तर आले नाही, तर? काही लोक त्रासून निघून गेलेले असतात, काही संसारात गुंतलेले. काही हयात नसतात. टोपणनावामागचा माणूस यांतला कोणता, हे नकाशा सांगू शकत नाही. त्याचा शेवटचा बदल नऊ वर्षांपूर्वीचा आहे, एवढेच दिसते. मुंबईच्या एखाद्या जुन्या गावठाणात अशाच कोणी, आकाशातील छायाचित्र धूसर होते त्या काळी, प्रत्यक्ष चालून नोंदवलेली बोळ असते. आज तिच्या तोंडाशी नव्या इमारतीची भिंत उभी आहे, आणि बोळ नकाशातून काढणे भागच आहे. जाणता माणूस अशा वेळी प्रश्न लिहितो, काही दिवस वाट पाहतो आणि मगच हात घालतो. शेऱ्यात तो लिहितो की ही वाट अमुक यांनी २००९ साली पायी फिरून नोंदवली होती. आज मी तेथे जाऊन आलो, पूर्वेकडील टोक भिंतीने बंद झाले आहे, अलीकडचा चाळीस पावलांचा भाग शाबूत आहे आणि तो मी तसाच ठेवला आहे.